स्वस्तातला जुना वेताळ कसा वाचावा

हा लेख संग्राहकांसाठी नाही. ज्यांना १९६४ सालचा कोरा करकरीत अंक मिळवून तो प्लास्टिकमध्ये बंद करून कपाटात ठेवायचा आहे, त्यांनी खुशाल ठेवावा. मी बोलतेय ते मुखपृष्ठ अर्धं फाटलेल्या, मागे कुणीतरी दुधाचा हिशेब लिहिलेल्या इंद्रजाल कॉमिक्सबद्दल. रद्दीवाला 'न्या हो, काय द्यायचं ते द्या' म्हणत पुढे करतो तो अंक. वेताळ म्हणजे इंग्रजीतला फँटम, आणि इंद्रजाल म्हणजे त्याच्या गोष्टी आपल्याकडे छापणारी जुनी चित्रकथांची मालिका.

'वेताळ कसला सुपरहिरो, त्याला उडता तरी येतं का?' असं विचारणारा एक जण हमखास भेटतो. नाही येत. पण अंगाबरोबर शिवलेला पोशाख आणि बुबुळं न दिसू देणारा मुखवटा घेऊन हा गडी १७ फेब्रुवारी १९३६ ला अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत हजर झाला. सुपरमॅन आला १९३८ मध्ये. माझ्यापुरता वाद मिटला.

घेताना ऐंशीच्या दशकातले इंग्रजी अंक बघा. तेव्हा इंद्रजाल दर आठवड्याला निघायचं, त्यामुळे माल भरपूर. मराठी अंक स्वस्तात सापडला तर नशीब समजा, पण त्याच्या मागे धावू नका. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर किंवा फोर्टात ढिगारा उपसायची तयारी ठेवा. वेताळाच्या ढिगात मांड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि बहादूर हे इंद्रजालचे दुसरे नायकही मिसळलेले असतात. तेही वाईट नाहीत, पण आजचा विषय तो नाही.

पैसे देण्याआधी एकच तपासणी: मधलं पान. पिना गंजल्या की सगळ्यात आधी मधला कागद सुटतो, आणि एक कागद गेला म्हणजे गोष्टीतली सलग चार पानं गेली. मुखपृष्ठ नसेल तर चालेल, मधला कागद नसेल तर अंक परत ढिगात. घरी आल्यावर गंजलेल्या पिना उपटत बसू नका, आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप तर अजिबात लावू नका. टेप दहा वर्षांनी निघून जाते, तिचा पिवळा डाग मात्र राहतो.

आता खरी अडचण. वाचणं.

हसू नका. मी पहिल्यांदा बारा अंकांचा गठ्ठा उचलून आणला आणि रात्रीत सहा अंक संपवले. सातवा उघडलाच नाही. लहानपणी ज्याच्यासाठी भावाशी मारामाऱ्या केल्या, तो वेताळ इतका रटाळ? पात्रं तेच तेच बोलतात. खलनायक एका चौकटीत 'उद्या पहाटे बोट लुटायची' म्हणतो, दोन चौकटींनंतर त्याचा साथीदार 'म्हणजे उद्या पहाटे बोट लुटायची!' म्हणतो. दर थोड्या वेळाने कुणाचा तरी चेहरा मोठा होतो, डोळे विस्फारतात, आणि पुढच्या चौकटीत फारसं काही घडतच नाही. वाटलं, आपणच मोठे झालो. गठ्ठा माळ्यावर गेला.

उलगडा झाला तो मामांच्या ट्रंकेतल्या वहीमुळे. त्यांनी एका इंग्रजी दैनिकातल्या वेताळाच्या पट्ट्या कापून चिकटवल्या होत्या. रोज एक आडवी पट्टी, दोन-तीन चौकटींची. त्यातलीच एक गोष्ट माझ्या माळ्यावरच्या अंकात होती. दोन्ही शेजारी ठेवल्या आणि मग ट्यूब पेटली. इंद्रजालचा अंक हे मुळात पुस्तकच नाही. वेताळाचे जनक ली फॉक यांनी ही गोष्ट रोजच्या पेपरासाठी लिहिली, साय बॅरी यांनी १९६१ पासून ती रोजच्या पेपरासाठी काढली, आणि इथे त्या आडव्या पट्ट्या कापून-जोडून उभ्या पानात बसवल्या. पेपर वाचणारा कालचं विसरलेला असतो, म्हणून पहिल्या चौकटीत उजळणी. त्याने उद्याही पेपर उघडायला हवा, म्हणून शेवटच्या चौकटीत विस्फारलेले डोळे. महिनोन्‌महिने चालवलेली ही गोष्ट मी पंधरा मिनिटांत घशाखाली ढकलत होते. बाराही महिन्यांचे दिवाळीचे लाडू एका बैठकीत खाल्ले तर मळमळणारच.

तेव्हा वाचायचं ते सांधे शोधत, म्हणजे एका दिवसाची पट्टी संपून दुसरी कुठे जोडली ते बघत. पान पालटलं म्हणजे दिवस पालटला असं समजू नका, सांधा बहुतेक वेळा पानाच्या मध्येच कुठेतरी पडतो. खुणा ठरलेल्या आहेत. फुग्यात कुणी आधीचंच वाक्य फिरवून बोललं की नवा दिवस सुरू झाला. कोपऱ्यातल्या चौकोनी मजकुरात 'इकडे जंगलात' छापाचं काही आलं तरी तसंच. चेहरा मोठा झाला, दारावर टकटक झाली, सावली पडली की दिवस संपला. तिथे थांबा. खरंच थांबा, पुढे डोळा जाऊ देऊ नका. पुढच्या चौकटींवर पोस्टकार्ड ठेवा, मी अजून ठेवते. दोन क्षण ते चित्र बघा, काय होईल याचा अंदाज करा, मग कार्ड सरकवा. पहिल्या दोन पानांत हे पोरकट वाटेल. तिसऱ्या पानावर उजळणीची ती वाक्यं खुपेनाशी होतात आणि फॉक यांनी रोज तीन चौकटींत केवढी कसरत केली ते दिसायला लागतं. एका बैठकीत पाच-सहा पानं पुरे. बाकीची उद्या.

एक सावधगिरी. सगळ्याच अंकांत हे सांधे सापडणार नाहीत. रविवारच्या पुरवणीतला वेताळ २८ मे १९३९ पासून वेगळा चालायचा, त्याच्या गोष्टीही वेगळ्या. त्यात एका वेळी ऐसपैस जागा मिळे, म्हणून सांधे कमी आणि मारामारी जास्त. चार पानं होऊनही उजळणी आली नाही, तर पोस्टकार्ड बाजूला ठेवा आणि नेहमीसारखं वाचा.

'आधी वेताळाचा सगळा इतिहास वाचून घ्या' हा सल्ला मात्र धुडकावून लावा. १५३६ मध्ये चाच्यांनी बापाला मारलं, कवटीवर हात ठेवून मुलाने शपथ घेतली, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या एक वेताळ, हल्लीचा एकविसावा. एवढं पुरतं, आणि तेही अंकात कुणीतरी सांगतंच. इंग्रजी मूळ वाचलेल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की इंद्रजालमध्ये वेताळाच्या देशाचं, बंगल्लाचं, 'डेंकाली' झालं आणि सिंग चाच्यांचं 'सिंगा'. आपल्याकडे ती नावं बंगालशी आणि 'सिंग' आडनावाशी भिडली असती.

रंगांवरून नाक मुरडू नका. रोजच्या पट्ट्या काळ्या-पांढऱ्या होत्या, रंग आपल्याकडे चढले. पोशाख कुठे निळा, कुठे जांभळा, आणि ओठांचा लाल रंग हनुवटीवर घसरलेला. मुखपृष्ठ शाबूत असेल तर ते वेगळं काढून बघा. सुरुवातीच्या अनेक अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांनी रंगवली आहेत, आणि आतल्या चित्रांपेक्षा ती मला जास्त आवडतात.

आणखी एक. गोरा माणूस सिंहासनावर आणि भोवती भाबडे जंगलवासी, हे चित्र आज टोचतं. टोचू द्या. घरातल्या पोराला अंक देणार असाल तर शेजारी बसून वाचा, ते विचारेलच.

ठेवायचा कसा? आडवा, कागदी पाकिटात, कसर लागू नये म्हणून सुकलेला कडुनिंब.

पण त्याआधी गोष्ट संपल्यावरची पानं वाचा, ती कुणीच वाचत नाही. सामान्यज्ञान, कोडी, गोळ्या-बिस्किटांच्या जाहिराती. माझ्या एका अंकात कुणा पोराने शब्दकोडं पेन्सिलीने निम्मं सोडवून, एक उभा शब्द चुकवून, वैतागून वर वेताळाची कवटी काढून ठेवली आहे. मी ती खोडली नाही, उरलेलं कोडं पुरं करायला घेतलं. तीन घरं अजून रिकामी आहेत. उत्तर पुढच्या अंकात, असं खाली छापलंय, आणि तो अंक माझ्याकडे नाही.