कॅलिफोर्नियात चाइल्ड डेव्हलपमेंट शिकताय? या चुका टाळा

सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातल्या कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजांत) बालविकासाच्या वर्गाला मराठी आया बऱ्याच दिसतात. मुलं शाळेत जायला लागली की कुणी प्रीस्कूलमधल्या नोकरीसाठी येतं, कुणी पुढे पदवी करायची म्हणून. "दोन मुलं वाढवली, मग यात अवघड काय?" हा विश्वास बहुतेकींच्या मनात असतो, आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

पहिली चूक प्रवेशाच्याच वेळी होते. 'अर्ली चाइल्डहूड एज्युकेशन' आणि 'चाइल्ड अँड अ‍ॅडोलेसंट डेव्हलपमेंट' या दोन वेगळ्या ट्रान्सफर पदव्या आहेत, म्हणजे इथे दोन वर्षं शिकून पुढे विद्यापीठात जाता येईल अशा. पहिली लहान मुलांच्या वर्गात शिकवण्याकडे नेते. दुसरीत किशोरवयापर्यंतचा विकास, मानसशास्त्र आणि स्टॅटिस्टिक्सही येतं. बारावीनंतर गणिताचं पुस्तक उघडलेलं नसेल तर स्टॅटिस्टिक्स शेवटच्या सत्रावर ढकलू नका; तिथे अडकलात तर ट्रान्सफर लांबतं. ट्रान्सफर पदवीमुळे कॅल स्टेटमध्ये (राज्याच्या 'कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी'मध्ये) जागा मिळते, पण हव्या त्याच कॅम्पसची हमी मिळत नाही. तुमचे विषय तिकडे धरले जातात का, हे 'असिस्ट' या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः तपासा आणि मग काउन्सेलरशी बोला.

युनिटांच्या, म्हणजे अभ्यासक्रम मोजायच्या मापाच्या, हिशेबातही घोळ होतो. परवानाधारक खासगी प्रीस्कूलमध्ये पूर्ण पात्र शिक्षिका व्हायला या विषयातली १२ युनिट आणि कामाचा अनुभव लागतो. लहान मुलांना शिकवण्यासाठी राज्य देतं त्या 'टीचर' परमिटला २४ युनिट, शिवाय सामान्य शिक्षणाची १६ युनिट आणि अनुभवाचे दिवस. ही सगळी सेमिस्टर (सहामाही सत्राची) युनिट आहेत. क्युपर्टिनोचं डी अँझा आणि शेजारचं फुटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर, म्हणजे त्याहून छोट्या सत्रांवर, चालतात. तिथली १२ युनिट म्हणजे फक्त ८ सेमिस्टर युनिट! तिथे शिकत असाल तर १२ ऐवजी १८ आणि २४ ऐवजी ३६ धरा. मुख्य विषयांत 'सी' किंवा त्याहून वरची श्रेणी हवी. 'डी' मिळाली तर ते युनिट परमिटसाठी धरलं जात नाही.

खरी दमछाक होते ती निरीक्षणाच्या लेखनात, म्हणजे एखाद्या मुलाला पाहून नोंदी लिहिताना. विद्यार्थिनी लिहिते: "मुलगा हट्टी होता, त्याला वाटून घ्यायचं नव्हतं." पेपर परत येतो, शेजारी शेरा: पुरावा कुठे? तेच असं लिहून बघा: "१०:१२. त्याने लाल ट्रक छातीशी धरला. दुसरा मुलगा दोन पावलांवर आला. याने पाठ फिरवली, 'नो' म्हणाला, ट्रक टेबलाखाली सरकवला." आता वाचणाऱ्याला मूल दिसतं. तो घाबरला असेल, खेळ मोडेल म्हणून जपत असेल किंवा दमलाही असेल. हे तर्क वेगळ्या परिच्छेदात लिहा. पेपर परत आलाच, तर हट्टी, लाजाळू, हुशार, खोडकर असे सगळे शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येकाच्या जागी तुम्ही काय पाहिलं किंवा ऐकलं तेवढंच ठेवा. आई म्हणून आपण क्षणात निष्कर्ष काढतो. घरात त्याची गरजच असते, पण इथे ती सवय मुलावर अन्याय करते. म्हणूनच स्वतःचं मूल शक्यतो निवडू नका. दुसऱ्याचं निवडलंत तर पालकांची लेखी परवानगी घ्या आणि नाव बदला.

याच्या नेमकी उलट चूकही मला वारंवार दिसते, आणि ती जास्त खुपते. पुस्तकात 'स्वतःच्या हाताने जेवणं', 'वेगळ्या खोलीत झोपणं' वाचलं की आपल्याकडच्या बायका आपलं सगळंच चुकलं असं समजून गप्प बसतात. गप्प बसू नका. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आई-बाळाच्या नात्याचं निरीक्षण आधी युगांडात केलं. त्यांचा प्रसिद्ध 'स्ट्रेंज सिच्युएशन' प्रयोग नंतर अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये उभा राहिला. त्यात आई थोडा वेळ खोलीबाहेर जाते आणि बाळ कसं वागतं ते पाहतात. तोच प्रयोग जपानमध्ये केला तेव्हा बरीच बाळं फारच जास्त रडली, कारण आईपासून दूर राहायची त्यांना सवयच नव्हती. आजीच्या कडेवर, आत्याच्या मांडीवर वाढलेल्या बाळाबद्दल तुम्हाला जे माहीत आहे, ते वर्गाला हवं आहे. मुलाची वाढ घर, शेजार, समाज अशा वर्तुळांत होते असं सांगणाऱ्या ब्रॉनफेनब्रेनरच्या सिद्धान्तावरच्या निबंधात ते पुराव्यासकट मांडा. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी अंगणातच शाळा भरवली, हेही तिथे चपखल बसतं.

किशोरवयाचा भाग उरकू नका. मानसशास्त्रज्ञ एरिक्सन यांनी मांडलेला 'मी कोण' हा संघर्ष दोन संस्कृतींत वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या घरात रोज घडत असतो.

कागदपत्रं सत्राच्या आधीच जमवा. प्रीस्कूलमध्ये काम करायला किंवा स्वयंसेवक म्हणून जायला गोवर, डांग्या खोकला यांच्या लसींची नोंद लागते. टीबी चाचणी आणि बोटांचे ठसेही मागितले जातात. लहानपणीचं लसीकरण कार्ड गावी हरवलं असेल, तर गोवराची प्रतिकारशक्ती रक्ततपासणीतून दाखवता येते. भारतातली पदवी मोजायची असेल तर गुणपत्रिकांचं मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्या. एच-४ व्हिसावर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) शिकता येतं, नोकरीला मात्र ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हवा. आणि राज्यात वर्ष पूर्ण व्हायच्या आत प्रवेश घेऊ नका, कारण रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर पडतात आणि बाहेरच्यांना त्याच्या कितीतरी पट.