अप्लाइड आर्टचं पहिलं वर्ष: रफ, अक्षर आणि प्रेस

दरवर्षी प्रवेश सुरू झाले की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. मुलानं किंवा मुलीनं अप्लाइड आर्टला, म्हणजे जाहिरात, पॅकिंग, पोस्टर अशा उपयोजित कलेच्या शिक्षणाला जायचं ठरवलेलं असतं आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: लॅपटॉप कोणता घ्यायचा? मी सांगतो, ते पैसे सध्या बाजूला ठेवा. कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा जाड कागद), दोन चांगले ब्रश, काळी शाई, कट निब (सुलेखनाची तिरकी कापलेली निब), स्टीलची पट्टी आणि कटर एवढं आणा. पहिलं वर्ष फाउंडेशनचं असतं आणि त्यात हातानं जे शिकाल, त्याच्या जिवावर पुढची तीन वर्षं जातात. बीएफए या पदवीसाठी राज्याची सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी करताना शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचा सराव उपयोगी पडतो. कोल्हापुरात कलानिकेतन, दळवीज अशी महाविद्यालयं आहेत, त्यामुळे इथल्या मुलांना घर सोडावं लागत नाही. प्रवेशाचं बाकी काम कॉलेजच्या खिडकीवर विचारून होतं. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या कामाबद्दल.

पहिली असाइनमेंट बहुतेक ठिकाणी सारखीच असते. एक पांढरा चौकोन, काळा कागद, चार-पाच आकार, आणि त्यातून रचना करायची. मुलांना वाटतं, हे बालवाडीचं काम आहे. पण इथेच पहिल्यांदा कळतं की काळा आकार ठेवला की पांढराही आपोआप तयार होतो, आणि नजर अनेकदा त्या पांढऱ्याकडे आधी जाते. मधली जागा दिसायला लागली की पुढचं निम्मं शिक्षण सोपं होतं. मग लोगो असो, पुस्तकाचं पान असो की दुकानाचा बोर्ड. रंगचक्र, छटा, पोत यांच्या शीटसुद्धा मन लावून करा, त्यांच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

त्यानंतर सगळ्यांना झगडायला लावतो तो रफ, म्हणजे फायनलच्या आधीचा कच्चा आराखडा. ‘रफ पास झाला का?’ हा प्रश्न वर्गात दिवसभर ऐकू येतो. फायनल करायची घाई असते आणि सर अजून दहा थंबनेल, म्हणजे छोटी झटपट रेखाटनं, आणायला सांगतात. हा छळ वाटतो, पण त्यामागचं कारण एका प्रोजेक्टवरून सांगतो.

गुळाच्या एक किलोच्या खोक्याचं डिझाइन करायचं होतं. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, शाहू मार्केट यार्डात त्याचे सौदे निघतात, म्हणजे विषय सगळ्यांच्या घरचाच. वर्गातल्या प्रत्येकाच्या पहिल्या पाच रफमध्ये ऊस होता, बैलगाडी होती, गुऱ्हाळाची चिमणी होती. कुणी कुणाचं बघून काढलेलं नव्हतं. पहिल्या झटक्यात जे सुचतं, ते सगळ्यांनाच सुचतं. एक मुलगी मात्र सुट्टीत गावाकडच्या गुऱ्हाळावर जाऊन बसली. साच्यात कापड अंथरून त्यात गूळ ओततात, त्यामुळे तयार रव्याच्या, म्हणजे गुळाच्या ढेपेच्या अंगावर कापडाची वीण उमटते. तिनं ती वीण कागदावर घासून घेतली आणि खोक्याच्या चारही बाजूंना तीच नक्षी म्हणून वापरली. ऊस नाही, बैल नाही, तरी बघणाऱ्याला गूळच आठवावा असं ते खोकं झालं. थंबनेलचा खरा उपयोग हाच: ठरलेली चित्रं कागदावर रिकामी झाली की माणूस वस्तू बघायला लागतो.

त्याच खोक्यावर ‘गूळ’ हा शब्द काढायचा होता, आणि माझ्या मते पहिल्या वर्षातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण तिथे झालं. दोनच अक्षरं, पण काढायला बसा म्हणजे कळेल. ‘ग’चा डावा फाटा आणि दंड (उभी रेघ) यांच्यामध्ये किती जागा सोडायची? दीर्घ ऊकार दंडाखाली लोंबतो, तो जाड केला तर अक्षर खाली ओढल्यासारखं दिसतं, बारीक केला तर लांबून ऱ्हस्व वाटतो. ‘ळ’ला दंडच नाही, दोन पोकळ गोल आहेत. ‘ग’चा दंड आणि ‘ळ’चा गोल यांच्यातलं अंतर पट्टीनं मोजून सारखं केलं, तरी डोळ्याला ते सारखं दिसत नाही. ते डोळ्यानंच जुळवावं लागतं. सर कागद भिंतीला टाचायचे आणि म्हणायचे, ‘लांबनं बघ की जरा.’ लांबून ‘ळ’चे गोल शाईनं भरल्यासारखे दिसले की समजायचं, आतली जागा वाढवायला हवी.

हा हात बसल्यावर कॉम्प्युटरवर आलात तर बऱ्याच गोष्टी डोळ्याला खटकायला लागतात. इंग्रजीत अक्षरांमधलं अंतर वाढवून शीर्षक ऐसपैस करतात. तसंच मराठीत केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. इंग्रजीला पुरणारं दोन ओळींमधलं अंतर मराठीला कमी पडतं, कारण वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात, ते एकमेकांना भिडतात. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय भाषांचा पर्याय चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. काही फाँटमध्ये भाषा मराठी निवडल्याशिवाय ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. ‘कोल्हापुरी’ शब्दातला ‘ल’ आपल्या वळणाचा आहे का, हे सबमिशनआधी बघाच. फाँटचं म्हणाल तर ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ मोफत मिळतात आणि दोन्ही युनिकोड आहेत, म्हणजे त्यांतला मजकूर कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येतो. ‘मंगल’ हा फाँट सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवला. आपल्या अक्षरासाठी माणसांनी आयुष्य घातलंय, त्यांचं काम शोधून बघावं असं मला मनापासून वाटतं.

खोक्याच्या मागच्या बाजूकडे नवी मुलं फारसं लक्ष देत नाहीत. पुढची बाजू सजवण्यात सगळा वेळ जातो आणि मागे मजकूर कोंबला जातो. खरं तर तिथे कायद्याचं काम असतं: निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, उत्पादकाचं नाव-पत्ता, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि बारकोड. गुळाच्या खोक्यावर तांबूस रंग शोभतो म्हणून एकानं बारकोडच्या रेघाही तांबड्या केल्या होत्या. दिसायला छान, पण स्कॅनरचा उजेड बहुधा तांबडाच असतो, त्याला तांबडी रेघ दिसतच नाही. रेघा काळ्या किंवा गडद निळ्या आणि मागे पांढरी जागा, हे सुरुवातीलाच ठरवून टाका. बारकोडचा मूळ आकार ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर असतो आणि तो ८० टक्क्यांपेक्षा लहान करायचा नसतो. म्हणजे मागच्या बाजूची ही जागा आधी अडवायची, मग बाकीची मांडणी.

आता प्रेस. कोल्हापुरात शिकण्याचा मोठा फायदा म्हणजे पेठांमधून छापखाने आहेत आणि थोडी ओळख काढली तर मशीनजवळ उभं राहू देतात. दुसऱ्या वर्षाची वाट न बघता एक दिवस तिथे घालवा. चार प्लेट, चार शाया, आणि एक रंग दुसऱ्यावर केसभरही सरकला की मशीनवाले म्हणतात, रजिस्टर हललं. सहा पॉइंटचा मजकूर चार रंग मिसळून केलेल्या तपकिरीत दिला तर प्रत्येक शिरोरेषेला रंगीत सावली येते. तेवढा मजकूर एकट्या काळ्या शाईत ठेवला की तो स्वच्छ उमटतो. कडेला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेघेबाहेर वाढवलेला रंग, नसेल तर कटिंगनंतर पांढरी रेघ दिसते. फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं आकृतीत रूपांतर करून द्या, म्हणजे त्यांच्या मशीनवर तुमचा फाँट नसला तरी बिघडत नाही, पण कर्व्ह न केलेली प्रत स्वतःकडे राखून ठेवा, कारण पत्त्यातला एखादा आकडा शेवटच्या क्षणी बदलतोच. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसरीकडे उघडला की वाचता येत नाही, म्हणून ग्राहकाकडून मजकूर घेताना तो युनिकोडमध्ये आहे का, हे तिथंच विचारायचं. हे सगळं वर्गात फळ्यावर लिहून देतात, पण शाईच्या वासात उभं राहून बघितलं की विसरत नाही.

पोस्टरची असाइनमेंट आली की या शहराची आठवण ठेवा. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आपल्या सिनेमाच्या सगळ्यात जुन्या उपलब्ध पोस्टरपैकी एक मानलं जातं, ते चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटरांचं, म्हणजे कोल्हापूरचं. पुढे इथल्याच चित्रकार जी. कांबळेंनी सिनेमाची पोस्टरं रंगवली. त्यांच्या कामात एक चेहरा किंवा एक प्रसंग पकडलेला असतो आणि बाकी सगळं त्याच्या मागे उभं राहतं. आज चौकातल्या डिजिटल बोर्डांवर वीस-वीस फोटो बसवायचे असतात, नाव बारीक होत जातं आणि गाडीवरून जाणाऱ्याला काहीच वाचता येत नाही. तुम्हालाही उद्या अशी कामं येतील. तेव्हा ग्राहकाशी वाद घालण्यापेक्षा बोर्डाचा छोटा प्रिंट काढून भिंतीला लावा, त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करा आणि वाचायला सांगा. असं केल्यावर दहा फोटो आपणहून काढायला सांगणारे ग्राहक मी बघितलेत. शीर्षक लांबून वाचता येतं का, याची ही परीक्षा कॉलेजच्या पोस्टरलाही तशीच लागू आहे.

करेक्शनच्या दिवशी, म्हणजे सर कामातल्या चुका दाखवतात तेव्हा, मुलं कोमेजतात, विशेषतः ज्यांची चित्रकला शाळेत सगळ्यात चांगली होती ती. शाळेत सगळे ‘छान’ म्हणायचे, इथे सर म्हणतात ‘वाचता येत नाही’. ते तुमच्या चित्राबद्दल बोलत नसतात, वाचणाऱ्याच्या बाजूनं बोलत असतात. वही जवळ ठेवा, त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहा, आणि दुसऱ्याच्या कामाचं करेक्शन चालू असतानाही उठून जाऊ नका. दुसऱ्याच्या शीटवरची चूक पटकन दिसते, तीच आठवड्यानं आपल्या शीटवर शोधायची.

आणि रफ फेकू नका. सबमिशन झाल्यावर हॉस्टेलची खोली रिकामी करताना मुलं ढीगभर कागद रद्दीत घालतात. तारखा घालून ते फायलीत लावा. इंटर्नशिपला मुलं माझ्याकडे येतात तेव्हा फायनल खोकं मी आधी बघतो, पण जास्त वेळ त्यामागच्या कागदांवर जातो: वीण कुठून आली, ‘ळ’ किती वेळा काढला, बारकोडची जागा कधी ठरली. फक्त गुळगुळीत मॉकअप (तयार वस्तूसारखी दिसणारी कॉम्प्युटरवरची चित्रं) असलेला पोर्टफोलिओ आला की मला बरंच विचारावं लागतं. कागद सोबत असले की मुलगा किंवा मुलगी स्वतःच सांगायला लागते, आणि काम द्यायचं की नाही ते तेवढ्यात ठरतं.