वेबसाईटचे डायनॅमिक पत्ते बदलताना या चुका टाळा

गोव्यातील एखाद्या होमस्टेच्या जुन्या वेबसाईटवर खोलीच्या पानाचा पत्ता ‘रूम डॉट पीएचपी’, पुढे प्रश्नचिन्ह आणि ‘आयडी=१२’ असा डायनॅमिक, म्हणजे आयडीवरून पान तयार करणारा, असतो. त्याऐवजी गावाचे व खोलीचे नाव असलेला सुटसुटीत पत्ता हवा असे मालकाला वाटणे योग्यच आहे. मात्र नव्या पत्त्यांचे नियम लिहिण्याआधी जुन्या पत्त्यांची यादी न करणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. सर्व्हरचा अॅक्सेस लॉग (कोणते पान कधी मागितले गेले याची नोंद), गुगलचे सर्च कन्सोल आणि जुना साईटमॅप (साईटवरील पत्त्यांची यादी) यांतून ही यादी मिळते. भेटकार्डांवर आणि फलकांवर छापलेले क्यूआर कोड मात्र स्वतः तपासावे लागतात, कारण ते नंतर बदलता येत नाहीत.

अपाचे या वेब सर्व्हरवर सर्वाधिक वेळ जातो तो ‘नियम लिहिला, पण लागू होत नाही’ या तक्रारीत. पत्ता बदलणारी रीराईटरूल ही आज्ञा पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढचा भाग पाहतच नाही, त्यामुळे ‘आयडी=१२’ ओळखण्यासाठी क्वेरी स्ट्रिंग, म्हणजे तोच भाग, तपासणारी वेगळी रीराईटकाँड ही अटीची ओळ त्याआधी द्यावी लागते. रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणे, सुरू झाल्यावरही जुनी क्वेरी नव्या पत्त्याला आपोआप चिकटते. ती काढण्यासाठी अपाचे २.४ मध्ये क्यूएसडी हा फ्लॅग (नियमाच्या शेवटी लिहायचा पर्याय) आहे. याहून त्रासदायक प्रकार म्हणजे न संपणारा रीडायरेक्ट. एक नियम नवा पत्ता आतल्या आत जुन्या फाईलकडे नेतो, दुसरा जुन्या फाईलला नव्या पत्त्याकडे पाठवतो, आणि एचटीअॅक्सेस या अपाचेच्या सेटिंग फाईलमधील नियम आतील बदलानंतर पुन्हा चालत असल्याने पान कधीच उघडत नाही. अशा वेळी ब्राऊझरने मुळात केलेली मागणी, म्हणजे ‘द रिक्वेस्ट’ हे चल, तपासून मगच रीडायरेक्ट करावे. एकही नियम चालत नसेल, तर एचटीअॅक्सेसला परवानगी देणारी अलाऊओव्हरराईड ही सेटिंग बंद आहे का ते पाहावे. एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर तर एचटीअॅक्सेस फाईल वाचतच नाही.

पान उघडते पण चित्रे आणि रंगरूप गायब होते, याचे कारण बहुधा सापेक्ष, म्हणजे चालू पानाच्या पत्त्यावरून मोजलेले, पथ असतात. नव्या पत्त्यातील तिरक्या रेघा ब्राऊझरला फोल्डर वाटतात. म्हणून चित्रांचे व सीएसएसचे (रंगरूपाच्या फाईलचे) पथ मुळापासून, तिरक्या रेघेने सुरू होणारे लिहावेत.

चाचणी चालू असताना ३०२ (तात्पुरता रीडायरेक्ट) वापरावा, कारण ३०१ (कायमचा रीडायरेक्ट) ब्राऊझर लक्षात ठेवतो आणि चुकीचा नियम दुरुस्त केल्यावरही जुनेच दिसत राहते. खात्री पटल्यावर मात्र ३०१ अनिवार्य आहे. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवू नयेत: ज्या पानाची जागा घेणारे पान नाही, त्याला ४०४ (पान सापडले नाही) किंवा ४१० (पान कायमचे काढले) देणेच प्रामाणिक ठरते. जुने पत्ते शोधयंत्रांना कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या रोबॉट्स फाईलमध्ये अडवले, तर गुगलला रीडायरेक्ट दिसतच नाही. रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवावेत असे गुगल सांगते. माझ्या मते ते काढूच नयेत.

गोव्यात आणखी एक अडचण येते. मडगाव रोमन लिपीत दोन प्रकारे लिहिले जाते, फोंडा आणि म्हापसा यांचेही तसेच आहे. एकाच खोलीचे दोन पत्ते तयार होऊ नयेत म्हणून प्रत्येक गावाचे एक रूप आधी ठरवावे, दुसरे रूप त्याकडे वळवावे आणि कॅनॉनिकल टॅग (मुख्य पत्ता कोणता हे शोधयंत्राला सांगणारी ओळ), साईटमॅप व आतील दुवे यांत तेच वापरावे. देवनागरी पत्ते गुगलला चालतात, पण कॉपी केल्यावर प्रत्येक अक्षरचिन्ह नऊ रोमन चिन्हांचे होते. ‘मडगाव’ एवढ्यानेच ४५ चिन्हे होतात. व्हॉट्सअॅपवरून दुवे पाठवणाऱ्या व्यावसायिकाने हे लक्षात घ्यावे.

हे काम ऑक्टोबरच्या तोंडावर काढू नये. पावसाळ्यात पर्यटक कमी असताना बदल करावा आणि हंगाम सुरू होईपर्यंत लॉगमधील ४०४ रोज पाहून राहून गेलेल्या पत्त्यांचे नियम जोडत जावे.