आठवी ते दहावी आणि अध्ययन अक्षमता : नव्या विशेष शिक्षकांसाठी

विशेष शिक्षणातले बी.एड. करून, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी घेऊन नागपुरातील शाळांत रुजू होणाऱ्या नव्या शिक्षकांची तयारी बहुधा दुसरी-तिसरीच्या मुलांपुरती असते. आठवी-नववीतला अध्ययन अक्षमता असलेला, म्हणजे बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाणारा मुलगा मात्र तोपर्यंत आपली अडचण लपवायला शिकलेला असतो. वाचनाची पाळी आली की तो पाणी प्यायला जातो, मित्राची वही उतरवून घेतो, नाहीतर सरळ खोड्या काढतो. म्हणून पहिल्या भेटीत मी त्याला वाचायला सांगत नाही, तर धडा स्वतः वाचून दाखवते आणि प्रश्न तोंडी विचारते. तोंडी आणि लेखी उत्तरांतील तफावत मला अक्षमतेच्या चाचणी-अहवालातील आकड्यांपेक्षा अधिक उपयोगी वाटते. तसेही निम्हान्सच्या (बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या) अध्ययन अक्षमता तपासणाऱ्या चाचणीसंचाचा वरचा स्तर ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे, हे नववीतल्या मुलाचा अहवाल वाचताना ध्यानात ठेवावे.

नागपुरात घराबाहेर हिंदी सर्रास चालते. लिपी एकच असली तरी हिंदीत ‘कवि’, ‘गुरु’ आणि मराठीत ‘कवी’, ‘गुरू’ असे लिहितात, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची प्रत्येक चूक अक्षमतेच्या खात्यावर टाकण्यापूर्वी मुलाची हिंदीची वही पाहावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत पात्र परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ व लेखनिकाची (सांगितलेले उत्तर लिहून देणाऱ्याची) तरतूद आहे. दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. त्यासाठी लागणाऱ्या अक्षमतेच्या प्रमाणपत्राची धावपळ नववीतच उरकावी.

लेखनिक मिळाला की पालक निर्धास्त होतात, पण माझ्या मते खरे काम तिथून सुरू होते. उत्तर येणे वेगळे आणि ते दुसऱ्याकडून लिहवून घेणे वेगळे: वाक्य मनात पूर्ण जुळवून लिहिणाऱ्याच्या गतीने सांगावे लागते, परिच्छेद कुठे संपतो ते सांगावे लागते, आणि लिहिलेले परत वाचायला लावण्याचा संकोच सोडावा लागतो. लेखनिक खालच्या इयत्तेतला असल्याने ‘अर्धगुणसूत्री विभाजन’ त्याने कधी ऐकलेले नसते, आणि मुलाला तर ते अक्षर-अक्षर फोडून सांगताच येत नाही. अशा संज्ञांची यादी करून दोघांनाही सोबत बसवावे. दिवाळीनंतर पूर्ण प्रश्नपत्रिका वाढीव वेळेसह सोडवून घ्याव्यात, कारण तीन तासांचा पेपर चार तासांचा झाला की शेवटच्या तासात थकलेली मुले उत्तरे आखडती घेतात; दीर्घोत्तरी प्रश्न आधी घेण्याची सवय त्याच सरावात लावता येते.