उद्याच थीम-शर्ट हवा? जुन्या कपड्यांतून शिवताना या चुका टाळा

'उद्या मुलांनी तिरंगी शर्ट घालून यावे' हा निरोप वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्री आठला येतो, आणि गोव्यात फोंडा असो की पेडणे, घरोघरी सगळ्यात आधी रंगाची बाटली उघडली जाते. चूक तिथेच होते. हाताशी तीन-चार तास असतात. त्यातला पहिला तास कापड तपासायला आणि गळा बेतायला द्या. नक्षी उरलेल्या वेळेत होते, आणि नाही झाली तरी मूल शर्ट घालून शाळेत जाऊ शकतं.

रंग जाणारं कापड पांढऱ्यावर शिवणं

ही चूक 15 ऑगस्टला हमखास दिसते, कारण त्या दिवसांत आपल्याकडे पावसाचा भरवसा नसतो. पांढऱ्या शर्टावर वर जुन्या केशरी ओढणीची पट्टी, खाली हिरव्या ब्लाउजपीसची. घरून निघताना शर्ट देखणा असतो. झेंडावंदनाच्या रांगेत भुरभुर सुरू होते, केशरी पाणी मधल्या पांढऱ्यात उतरतं, काखेतल्या घामाने हिरवं पसरतं आणि समूहगीताची वेळ येईपर्यंत तीन रंगांचा एकच मळकट रंग झालेला असतो. मूल हिरमुसून मागच्या रांगेत सरकतं. त्याची यात काहीच चूक नसते, म्हणून हे पाहताना जास्त वाईट वाटतं.

'कापड कितीदा धुतलंय, आता कसला रंग जातोय' यावर विसंबू नका. गडद लाल, केशरी, मरून सुती कापड कितीही जुनं असलं तरी थोडाथोडा रंग सोडत राहू शकतं. लाल चौकडीच्या जुन्या कुणबी साडीचा तुकडा वापरतानाही हेच ध्यानात ठेवा. मिठाच्या पाण्यात बुडवून सुटा रंग पक्का होत नाही. त्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा तुकड्याचा कोपरा कोमट साबणपाण्यात भिजवा, पांढऱ्या सुती फडक्याच्या घडीत ठेवा आणि तुकडा सुकेपर्यंत वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर फिकट छटा उमटली तरी तो तुकडा बाद. गार पाण्यात बुचकळून बघणं पुरेसं नाही.

यावर सगळ्यात भरवशाचं कापड म्हणजे मोडक्या छत्रीचं. गोव्यात एक पावसाळा सरला की अशी छत्री घरात असतेच. काड्यांचे टाके उसवले की बहुतेक छत्र्यांतून आठ त्रिकोण निघतात. कापड पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं असल्याने रंग सहसा जात नाही, पाणी शोषलं जात नाही. काड्यांजवळचा गंजका भाग कापून टाका, कडा एक सेंमी आत दुमडा आणि इस्त्री मंद ठेवा, नाहीतर कापड आखडतं. हे कापड फक्त छातीवर लावा. पाठीवर लावलं तर हवा खेळत नाही आणि घामाने अंगाला चिकटतं.

शर्ट लांब झाला असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. 1971 च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अपमान प्रतिबंध कायद्यानुसार राष्ट्रध्वज कंबरेखालच्या पोशाखाचा भाग म्हणून वापरता येत नाही. तिन्ही रंग छातीवरच ठेवा.

डोकं न जाणारा गळा

पाच ते सात वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण 50 ते 53 सेंमी असतो. चादर, लुंगी, शर्टाचं कापड ताणलं जात नाही, त्यामुळे 34 सेंमीचा सुबक गोल गळा सकाळी सातला कानांवर अडकतो. मग कात्री लावून गळा मोठा करतात आणि तो खांद्यावरून घसरतो. पाठीला 12 सेंमीची चीर, एक बटण आणि दोऱ्याचा फास, एवढं रात्रीच करा.

त्याहून सोपं म्हणजे बाबांचा जुना शर्ट. बटणं लावून तो सपाट पसरा. मुलाचा सैल शर्ट त्यावर ठेवा, खालच्या कडेला कड जुळवा, चहूकडून दीड सेंमी माया (शिवणीसाठीचं जादा कापड) सोडून कापा. बटणपट्टी पाठीकडे घ्या. काज, बटणं आणि खालची दुमड आयती मिळते. मोठ्यांची कॉलर मात्र ठेवू नका, ती मुलाच्या गळ्यात कधीच बसत नाही.

टीशर्ट कापत असाल तर गळ्याला सरळ टीप मारू नका. डोकं घालताना ती तटकन तुटते. झिगझॅग मारा, मशीनवर ती सोय नसेल तर हाताने उलटी टीप घाला.

दमट हवेत थेट शर्टावर रंगवणं

जाड थर वरून सुकलेला दिसतो, आत ओला असतो. घडी घातली की चित्र पाठीला चिकटतं. कापडाच्या रंगाला सुकायला साधारण एक दिवस लागतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. घाईवाले ओल्या रंगावरच इस्त्री फिरवतात आणि चित्र, इस्त्री दोन्ही घालवतात. चित्र शर्टावर काढूच नका. 12 सेंमी चौकोनी सुती तुकड्यावर पातळ हाताने काढा, हेअर ड्रायर वीतभर लांबून हलवत सुकवा, मग तुकडा हाताने शर्टावर शिवा. बिघडला तर तुकडा जातो, शर्ट वाचतो. कापडाला खळ असेल तर आधी धुऊन काढा, नाहीतर रंग धरत नाही. पोस्टर कलर तर घामानेच ओघळतो.

बाकीच्या

शर्टाला दुधाच्या पिशव्या लावणार असाल आणि त्या उघडून साबणाने धुतल्या नाहीत, तर आंबूस वास येतो. प्लास्टिकवर बारीक टीप मारली की ते टपाल तिकिटासारखं फाटतं, टाका 4 मिमीचा ठेवा. तांदळाच्या गोणीचा शर्ट शिवलात तर आतून सुती अस्तर हवंच. काखेतलं, कोपरावरचं जुनं कापड विरलेलं असतं, दोन अंगठ्यांनी ताणून पाहा. बाटल्यांची झाकणं गरम गोंदाने चिकटवू नका, भोक पाडून शिवा, आणि तीही चार-पाचच, नाहीतर वजनाने गळा ओढला जातो. स्टेपलरच्या पिना अजिबात नकोत, अंगाला ओरखडे उठतात आणि पावसात त्या गंजतात.