पायथनमधून नेटवर्क ग्राफ एसव्हीजीत साठवताना या चुका टाळा

नेटवर्कएक्स या पायथन लायब्ररीने काढलेला ग्राफ (नोड म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे चित्र) पडद्यावर नीट दिसतो, पण एसव्हीजी (रेषा-आकारांच्या वर्णनावरून चित्र उभे करणारा, म्हणजेच व्हेक्टर प्रकार) किंवा पीडीएफमध्ये साठवल्यावर कोरा, कापलेला किंवा मोडक्या अक्षरांचा निघतो. याची कारणे बहुधा ठरलेली असतात.

फाइल कोरी निघाली, तर आधी आज्ञांचा क्रम पाहावा. नेटवर्कएक्स ज्या लायब्ररीने चित्र काढतो, त्या मॅटप्लॉटलिबमध्ये ‘शो’ (पडद्यावर दाखवणे) आधी आणि ‘सेव्हफिग’ (फाइलमध्ये साठवणे) नंतर लिहिले, तर खिडकी बंद होताच ती आकृती संपते आणि साठवली जाते ती नवी, रिकामी आकृती. आकृती ‘सबप्लॉट्स’ने स्वतः तयार करून तिच्याच नावावर ‘सेव्हफिग’ चालवणे हा खात्रीचा मार्ग आहे. फाइलच्या नावाला एक्स्टेन्शन दिले नाही, तर मूळ सेटिंगनुसार पीएनजी तयार होते, हेही ध्यानात असावे.

मराठी लेबलांचा प्रश्न मात्र बारकाईने पाहण्याजोगा आहे. पुणे, दौंड, कुर्डुवाडी आणि मिरज या स्थानकांचा रेल्वेग्राफ काढला, तर प्रथम नुसते चौकोन दिसतात, कारण मॅटप्लॉटलिबच्या मूळ डेजाव्हू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही. त्यावर उपाय म्हणून आरसीपॅराम्समध्ये, म्हणजे मॅटप्लॉटलिबच्या मूळ सेटिंगांत, ‘फॉन्ट.फॅमिली’ बदलली, तरी नेटवर्कएक्सची लेबले तशीच राहतात. ते काम लेबले काढणाऱ्या फंक्शनला ‘फॉन्ट_फॅमिली’ हा आर्ग्युमेंट थेट दिल्यावर होते. योग्य फॉन्ट मिळाल्यावरही ‘मिरज’मधली वेलांटी म-च्या आधी न येता र-वर जाऊन बसते आणि ‘कुर्डुवाडी’तला रफार तयार होत नाही, कारण आजवर सर्रास वापरल्या गेलेल्या मॅटप्लॉटलिबच्या आवृत्त्या अक्षरे एकामागून एक मांडतात, त्यांची जोडणी करत नाहीत. येथे ‘एसव्हीजी.फॉन्टटाइप’ हे सेटिंग ‘पाथ’वरून ‘नन’वर न्यावे. मग अक्षरांच्या बाह्यरेषांऐवजी मजकूरच फाइलमध्ये जातो आणि ब्राउझर तो शुद्ध जोडून दाखवतो. अट एवढीच, की पाहणाऱ्याच्या संगणकावर देवनागरी फॉन्ट असावा. छपाईला पाठवायचे असेल, तर इंकस्केप या व्हेक्टर चित्रांच्या प्रोग्राममध्ये उघडून तेथे मजकुराचे पाथमध्ये रूपांतर करावे. माझ्या मते मराठी लेबलांसाठी हीच पद्धत सर्वांत भरवशाची आहे.

कडेच्या नोडांची नावे कापली जात असतील, तर ‘सेव्हफिग’मधल्या ‘बीबॉक्स_इंचेस’ला ‘टाइट’ देऊन भागत नाही, कारण नेटवर्कएक्स लेबले अक्षांच्या चौकटीतच छाटतो; त्याऐवजी ‘मार्जिन्स’ (चौकटीच्या आतली मोकळी जागा) 0.2 इतके वाढवावेत. डीपीआय (एका इंचातील ठिपक्यांची संख्या) वाढवूनही रेषा अधिक रेखीव होत नाहीत, कारण व्हेक्टर चित्राचे माप ‘फिगसाइझ’च्या इंचांत आणि अक्षरांचे पॉइंटांत ठरते. हजारो जोडरेषांमुळे फाइल उघडायला जड झाली, तर केवळ रेषांना ‘रास्टराइझ्ड’ (ठिपक्यांचे चित्र) करून नोड व नावे व्हेक्टर ठेवावीत. डीपीआयचा उपयोग होतो तो अशा वेळी.

प्रत्येक वेळी मांडणी बदलत असेल, तर नोडांच्या जागा ठरवणाऱ्या ‘स्प्रिंग_लेआउट’ला ‘सीड’ (यादृच्छिक सुरुवात कायम ठेवणारा आकडा) द्यावा.