पोर्ट बाईंड होत नाहीये? आधी एररमधला नंबर बघा

एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर रीस्टार्ट केला आणि तो उठेचना, की बरेच जण थेट मशीनच रीबूट करतात. प्लीज नका करू, चालू असलेलं बाकीचंही बंद पडतं. एरर लॉगच्या शेवटच्या ओळी वाचा, बाईंड फेल्ड (म्हणजे प्रोग्रामला त्याचा पोर्ट, नेटवर्कचा नंबर दिलेला दरवाजा, धरता आला नाही) याच्या पुढे कंसात एक नंबर असतो, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

९८ म्हणजे त्या पोर्टवर आधीच कोणीतरी बसलंय. कोण ते बघायला एसएस कमांड, पुढे डॅश आणि एल, टी, एन, पी ही चार अक्षरं. सुडो लावूनच (म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने) चालवा, नाहीतर पोर्ट दिसतो पण दुसऱ्या युजरच्या प्रोसेसचं नाव दिसत नाही आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसता. उबुंटूवर ८० नंबरला मला बऱ्याचदा अपाचे हा दुसरा वेब सर्व्हरच सापडलाय, कारण पीएचपी टाकताना तो सोबत येतो आणि आपोआप चालूही होतो. त्याला नुसतं किल करू नका, सिस्टमसीटीएलने (सर्व्हिस चालू-बंद करायची कमांड) स्टॉप करा आणि डिसेबलही करा, नाहीतर पुढच्या रीबूटला परत हेच. डॉकर-प्रॉक्सी दिसला तर पोर्ट डॉकरच्या एखाद्या कंटेनरने घेतलाय, तो कंटेनर थांबवायचा.

आमच्याकडे एका नव्या मुलाचा नोडचा अ‍ॅप ३००० वर चढतच नव्हता, तो म्हणे मी तर बंद केलाय. बघितलं तर त्याने कंट्रोल सी ऐवजी कंट्रोल झेड दाबलेलं! त्याने प्रोसेस मरत नाही, नुसती थांबते, आणि पोर्ट तसाच धरून ठेवते. साधा किलही अशा झोपलेल्या प्रोसेसला लगेच लागत नाही. त्याच टर्मिनलमध्ये एफजी टाईप करायचं, ती पुढे आली की कंट्रोल सी, झालं.

१३ आला तर परमिशन. १०२४ च्या खालचे पोर्ट लिनक्सवर साध्या युजरला मिळत नाहीत, अ‍ॅप वरच्या पोर्टवर ठेवा आणि पुढे एन्जिनएक्स लावा. रूटने (अ‍ॅडमिन युजरने) चालवूनही १३ येत असेल आणि मशीन रेड हॅट किंवा फेडोरा असेल तर एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा यंत्रणा) बघा, तो पोर्ट सेमॅनेज कमांडने तिच्या परवानगीच्या यादीत घाला, पण एसईलिनक्स बंद करून मोकळे होऊ नका, ते दुखण्यापेक्षा औषध भारी.

९९ म्हणजे कॉन्फिगमध्ये दिलेला आयपी त्या मशीनवर नाहीच. एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) हे हमखास होतं, लोक पब्लिक आयपी लिहितात पण मशीनच्या नेटवर्क कार्डावर फक्त प्रायव्हेट आयपी असतो. तिथे प्रायव्हेट आयपी तरी टाका नाहीतर सरळ ०.०.०.०, म्हणजे मशीनचे सगळे आयपी, लिहा.